पोस्ट कॉलनीतला ढीग

"जंगम, इकडे या जरा. ही पानं अशी ओळीनं कशी पडली?"

शिंगटे बाईंच्या हातात विणकामाची सुई होती आणि ती फोटोवर एका जागी थांबली होती. मी खिडकीशी बसून त्यांच्याकडचा पाणचट चहा पीत होतो. रविवार होता, दहाचा सुमार, माघातली थंडी अजून सरली नव्हती. सकाळी उन्हं आल्या आल्या बागेत फोटो काढला, स्टुडिओत जाऊन रोल धुतला, फोटो छापला, पंख्याखाली धरला आणि पुरता वाळायच्या आत बाईंच्या टेबलावर आणून ठेवला. वर्षाच्या कामातला हा शेवटचा फोटो. मनात म्हटलं, सुटलो बुवा.

येताना वाटेत घर लागतं. दारातूनच बायकोला सांगितलं होतं, "नंदे, झालं माझं. आता काढ तुझा तो ढीग." महानंदा तयारच होती. पदर खोचला, पाटी उचलली आणि शेजारच्या तांबोळी भाभींना हाक मारत बागेकडे गेलीसुद्धा. एवढ्या एका शब्दासाठी ती वर्षभर थांबली होती.

"वाऱ्यानं लागली असतील ओळीत," मी बाईंना म्हणालो.

"वारा पानं गोळा करतो, मांडत नाही. वर्षभर पानंच गिरवतेय मी." बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. "हे एक, त्याला लागून दुसरं, मग तिसरं. सगळी सारखी, सगळ्यांना काळी किनार. असं पान कुठल्या झाडाचं आहे आपल्या बागेत?"

मी कपबशी हातात घेऊनच उठलो.

पण हा ढीग काय होता ते आधी सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल, पाचोळ्याचे फोटो काढत बसणारा हा कोण खुळा.

आमची पोस्ट कॉलनी फलटणला. तिच्या टोकाला एक मोकळा प्लॉट होता. तिथे आधी सगळ्यांनी घरबांधणीचा राडारोडा टाकला आणि मग सगळ्यांनीच नाकं मुरडली. महानंदानं आणि तांबोळी भाभींनी एकदा तो साफ करायला घेतला. त्यांचं बघून एकेक जण आला. कुणी पपई लावली, कुणी कढीपत्ता, कुणी माहेरहून जास्वंदीची फांदी आणून खोचली. दोन-तीन वर्षांत बाग उभी राहिली. कुणा एकाची नव्हे, सगळ्या कॉलनीची. आणि मग कळलं की त्या जागेवर पाण्याची टाकी होणार. पाणी तर सगळ्यांनाच हवं होतं, त्यामुळे भांडायलाही तोंड नव्हतं.

शिंगटे बाई हायस्कुलात चित्रकला शिकवायच्या. एकटा जीव, घरभर शाई. त्या मला म्हणाल्या, "जंगम, बाग जायची ती जाणार. पण जाईपर्यंत दर रविवारी तुम्ही फोटो काढा. मी त्यावरून लिनो, म्हणजे रबरासारखा मऊ पत्रा असतो तो, कोरीन आणि शाई लावून छाप काढीन. त्याच्या कडेनं कॉलनीतल्या बायकापोरांनी बागेतली खरी पानं शाई लावून उमटवायची. वर्षाअखेर सगळी चित्रं शाळेच्या हॉलमध्ये लावू."

मी लग्नामुंजीचे फोटो काढणारा माणूस. विचारलं, "फोटो कशाचा काढू? फुलांचा?"

"ढिगाचा."

मागच्या भिंतीशी बदामाची, करंजाची पानं झाडून टाकत असत, तो ढीग. बाई म्हणाल्या, "बाग बदलते ती झाडावर लवकर दिसत नाही. काय गळलं, काय सुकलं, काय कुजलं, ते सगळं ढिगात येतं." मला पटलं की नाही देव जाणे, पण बाईंपुढे बोलायची माझी प्राज्ञा नव्हती. त्यांची अट एकच होती. वरून पाहिजे तितकी पानं टाका, पण ढीग उपसायचा नाही. उपसला की एका रविवारचा दुसऱ्या रविवारशी मेळ राहत नाही.

इथे महानंदा बिथरली. "पाचोळा असा वर्षवर्ष ठेवतात का कुठं? माझा बाप दर पंधरवड्याला हलवायचा. त्यात काय काय येऊन बसतं."

"तुझा बाप शेतकरी होता. हे कलेचं काम आहे."

"मग कलेला सांगा, जपून बसत जा म्हणावं."

घरात तिनं माझं कधी एक ऐकलं असेल तर शपथ. भाजी कुठली आणायची इथपासून मुलीला कुठल्या कॉलेजात घालायचं इथपर्यंत तिचंच चालायचं, आणि खरं सांगायचं तर चालायचं ते बरंच चालायचं. पण इथे बाईंचा शब्द होता. बाईंनी आमच्या मुलीला शिकवलेलं. म्हणून ती गप्प बसली आणि वर्षभर ढिगाकडे बघून नुसती धुमसत राहिली.

कामाची आमची एक रीत ठरून गेली होती. लिनोवर जे कोरावं ते कागदावर उलटं उमटतं. डावीकडचं उजवीकडे जातं. म्हणून मी डार्करूममध्ये निगेटिव्ह पालथी घालून बाईंसाठी मुद्दाम उलटाच फोटो छापायचो. त्या तो लिनोवर ठेवायच्या, मध्ये कार्बन घालायच्या आणि बोथट सुईनं रेघ न् रेघ वरून गिरवायच्या. उलट्याचं उलटं होऊन छाप सुलट यायचा. पहिल्यांदा माझा गोंधळ व्हायचा. पुढे सवयीनं हात आपोआप निगेटिव्ह पालथी घालू लागले आणि मी त्याचा विचार करणं सोडून दिलं.

शेवटचं चित्र बाईंना मोठं करायचं होतं. भिंत नको, झाड नको, नुसता ढीग. म्हणून त्या सकाळी मी ढिगापुढे उकिडवा बसलो आणि कॅमेऱ्यात पानांखेरीज काही येणार नाही इतका पुढे सरकून फोटो काढला.

तोच फोटो बाईंपुढे होता. निगेटिव्ह बघायचं भिंग माझ्या खिशात असायचंच. ते काढून मी त्यांच्या सुईच्या टोकापाशी धरलं.

लंबगोल ठिपके. काळी कड, आत करडा रंग. फोटो काळापांढरा, त्यामुळे पानांत बेमालूम मिसळलेले. साखळीच्या कड्या एकीला एक लागाव्यात तशी ती ओळ पाचोळ्यातून निघत होती, वळत होती आणि परत पाचोळ्याखाली जात होती. थोडं पुढे ती पुन्हा वर आली होती. तिथे, फोटोच्या उजव्या टोकाला, एका सुकल्या पानावर तिकोनी डोकं टेकलेलं होतं.

"पान नाही बाई," मी म्हणालो. "घोणस आहे."

आमच्या गावी धाकट्या चुलत्याला घोणस चावली होती. मी तेव्हा शाळेत होतो. त्याच्या हिरड्यांतून रक्त येत होतं आणि थांबत नव्हतं. आजी धोतराच्या फडक्यानं टिपत होती आणि फडकी संपत होती. चुलता दुसरा दिवस उजाडलेला बघू शकला नाही. साप म्हटलं की मला आजही फणा आठवत नाही, ती फडकी आठवतात.

खोलीभर दोऱ्या बांधून बाईंनी आधीचे छाप टांगले होते. त्या उठल्या, एक खाली ओढला, उजेडात धरला. मग दुसरा ओढला.

"जंगम, ही ओळ मी आधी कोरलीय."

"म्हणजे?"

"हा संक्रांतीच्या रविवारचा. इथे, भिंतीपाशी. आणि हा त्याच्या मागच्या आठवड्याचा." त्यांचं बोट त्या ओळीवरून फिरत होतं. "मला पानंच वाटली हो. किती निगुतीनं कोरलीत बघा."

मी बघितलं. होती. लहान होती, पण एकदा कळल्यावर दुसरं काही दिसेना. संक्रांतीच्या रविवारी तर कॉलनीतली पोरं ढिगाला पाठ लावून बसली होती, पानांना शाई फासत. एकमेकांच्या गालांना शाई लावून खिदळत होती. आज सकाळी त्याच ढिगापुढे मीही उकिडवा बसलो होतो, हात लांब केला तर लागेल एवढ्यावर.

आणि मग एकदम आठवलं.

"बाई, महानंदा तिथे आहे."

कपबशी कुठे ठेवली, ठेवली की टाकली, आठवत नाही. चपला घातल्या नाहीत. बाईंचं घर बागेपासून दोन गल्ल्या लांब. तेव्हा काही हातात फोन नव्हते आणि बागेत तर कुठलाच नव्हता. पळायचं एवढंच हातात होतं, आणि पन्नाशीचा, दिवसभर स्टुडिओत बसून सुटलेला माणूस पळून पळून किती पळणार. मागून बाईंच्या पावलांचा आवाज येत होता. त्या माझ्याहूनही थोराड, वर लुगडं. पण येत होत्या.

पळताना मी मनाशी एकच घोकत होतो. उजवीकडच्या टोकाला आहे. मघाशी भिंगाखाली बघितलं, उजवीकडे. महानंदा मधोमध वाकलेली असेल. तिला डावीकडे घ्यायचं. घाबरवायचं नाही, गोंधळवायचं नाही, एकच शब्द सांगायचा. डावीकडे. देवा महादेवा, तेवढं होईपर्यंत तिचा हात तिकडे जाऊ देऊ नकोस.

फाटकातून आत शिरलो आणि ती दिसली. पाठमोरी, ढिगाच्या मधोमध, कोपरापर्यंत हात पाचोळ्यात. वरचा थर उपसून झाला होता. तांबोळी भाभी भरलेली पाटी घेऊन खताच्या खड्ड्याकडे निघाल्या होत्या. मला बघून त्या हसल्या, मग माझा चेहरा बघून थांबल्या.

"नंदा, साप आहे. डावीकडे हो. डावीकडे."

आणि त्याच दमात मागून बाईंचा आवाज आला, शाळेच्या मैदानावर पोरांना हाक मारावी तसा. "उजवीकडे, महानंदा. उजवीकडे हो."

महानंदा हळूच सरळ झाली. ओंजळीतली पानं तशीच. मान वळवून तिनं माझ्याकडे बघितलं, बाईंकडे बघितलं. मला बाईंचा राग आला. म्हटलं, या बाईला ऐन वेळी हे काय सुचतंय, जीव घेते की काय माझ्या बायकोचा. तोंड उघडून मी पुन्हा ओरडलो, "डावीकडे."

"जंगम, फोटो उलटा आहे," बाई म्हणाल्या.

ते कानांवर पडलं आणि डोक्यात शिरलं तोवर महानंदानं डावा पाय उचलला होता. मी बघत होतो. तिला सांगायला आता माझ्याकडे शब्दच नव्हता, कुठला सांगू. तिनं पाय टेकला.

कुकरची शिट्टी निघावी तसा फुत्कार झाला, तेवढाच मोठा. पानं उडाली. महानंदा किंचाळली नाही. "आई ग," एवढंच म्हणाली आणि जागच्या जागी खाली बसली. पाचोळा सळसळत भिंतीकडे गेला आणि शांत झाला.

डाव्या पायाच्या घोट्यावर दोन टिंबं होती.

भाभींचे यजमान तांबोळी रिक्षा चालवायचे, ती दारातच असायची. त्यांनी कशी काढली, कशी हाणली, मला सांगता येणार नाही. बाई पुढे त्यांच्या शेजारी बसल्या होत्या. भाभींनी महानंदाचा पाय सरळ धरून ठेवला होता आणि सारखं म्हणत होत्या, "हलवू नको हं, बिलकूल हलवू नको." मी तिचा हात धरला होता. पाय चढत्या सुजेनं तकतकीत होत चालला होता. ती मला म्हणाली, "गॅसवर डाळ ठेवून आलेय, बंद करायला सांगा कुणाला तरी." मी हो म्हणालो. आणि मी तिच्या हिरड्यांकडे बघत होतो. ती बोलायला तोंड उघडी आणि मी तिच्या हिरड्यांकडे बघे.

सरकारी दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होती. भराभर विचारलं, कुठला साप, कधी, कुठे. मग तिनं महानंदाचं थोडं रक्त काढलं, काचेच्या कोऱ्या नळीत घातलं आणि नळी खिडकीत उभी करून ठेवली.

"हिला कुणी हात लावायचा नाही. वीस मिनिटांनी बघू. रक्त गोठलं तर देव पावला. नाही गोठलं तर विष भिनलंय."

मी आणि बाई त्या नळीपुढे बसलो. उभ्या आयुष्यात मी डार्करूममध्ये बसून काढला असेल तेवढा काळ मिळूनही त्या खिडकीपुढल्या वेळेएवढा मोठा नव्हता. बाईंच्या हातांना शाई होती, ती त्या पदराला पुसत होत्या, पुसलेल्यालाच पुन्हा पुसत होत्या. मधेच म्हणाल्या, "मी आधी बोलायला हवं होतं. वाटेत. पण दम लागला होता." मी नळीवरची नजर काढली नाही.

डॉक्टरीण आली. तिनं नळी उचलली आणि तिरकी केली.

रक्त पाण्यासारखं एका बाजूनं दुसऱ्या बाजूला वाहत गेलं.

मग धावपळ सुरू झाली. बाटल्या आल्या, सलाईन लागलं, त्यातून सापाच्या विषावरची लस चालू झाली. मला बाहेर काढलं. मधेच महानंदा थंडीनं कुडकुडतेय म्हणून आत बोलावलं, चादरी दिल्या, परत बाहेर काढलं. लघवी लाल होते का बघायला सांगितलं होतं. सुईच्या भोकातून रक्त झिरपत होतं आणि नर्स कापूस बदलत होती. मला धोतराची फडकी आठवली. मी दवाखान्याच्या मागे जाऊन उलटी केली. तांबोळींनी पाठीवरून हात फिरवला आणि पाणी दिलं. मुलीला पुण्याला फोन करायचा होता, पण काय सांगायचं हेच सुचेना. तुझ्या आईला साप चावला सांगू, की तुझ्या आईला मी सापाच्या तोंडी दिलं सांगू.

संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनी पुन्हा रक्त काढलं आणि पुन्हा नळी खिडकीत ठेवली. आता मी बसलो नाही. भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. मला बघवणार नव्हतं.

"काका," ती म्हणाली, "इकडे बघा."

तिनं नळी पुरती पालथी धरली होती. रक्त वर चिकटून होतं. खाली थेंब नव्हता.

मी तिच्या पाया पडायला वाकलो, तर ती मागे सरली. म्हणाली, "अजून दोन दिवस डोळ्यांत तेल घालून बघावं लागेल. पण वाटतंय बरं. जा, भेटा. जास्त बोलू नका. पाणी मागितलं तर घोटभर द्या."

महानंदा पडून होती. पाय मांडीपर्यंत सुजलेला, चेहरा पांढराफटक. मी स्टूल ओढलं. बाई दाराशीच उभ्या राहिल्या.

"डाळ?" तिनं विचारलं.

"भाभींनी परत जाऊन बंद केली." मी तिचा हात हातात घेतला. ठरवलं होतं, ती बरी होईपर्यंत काही बोलायचं नाही. पण समोर बसल्यावर दम निघेना. "नंदा, मी चुकीचं सांगितलं. फोटो उलटा छापला होता. साप डावीकडेच होता. मीच तुला तिकडे पाठवलं."

"कळलं मला," ती म्हणाली. "पाय टेकला तेव्हाच कळलं."

"बाई ओरडत होत्या, उजवीकडे म्हणून. तुला ऐकू आलं नाही का?"

"आलं की. चांगलं खणखणीत आलं."

"मग?"

तिनं डोळे मिटले. मला वाटलं झोपली. मग म्हणाली, "बाई उजवीकडे म्हणत होत्या, तुम्ही डावीकडे म्हणत होता. तेवढ्यात काय विचार करणार माणूस? म्हटलं, बाई कितीही हुशार असल्या तरी जीव तर आपल्या माणसाचाच जास्त तुटत असेल. म्हणून तुमचं ऐकलं."

रागानं म्हणाली नाही. उपकार केल्यासारखंही म्हणाली नाही. घरातली एखादी गोष्ट सांगावी तशी सांगितली आणि पाणी मागितलं.

मी पेला उचलला. तिच्या ओठांपर्यंत नेता नेता निम्मं पाणी चादरीवर सांडलं. शेवटी बाई पुढे आल्या, त्यांनी पेला माझ्या हातातून काढून घेतला आणि तिचं डोकं उचलून धरून तिला घोटभर पाणी पाजलं.